जनूमामाची मांडी

एका गावात एक भोळा सुतार होता. गावाचं नाव कोंडसावली आणि सुताराचं नाव जनू. पण तो त्या गावात नव्हता. गाव कोकणात होतं, आणि जनू समुद्रापलीकडच्या एका वाळवंटी देशात खजुराचे खोके ठोकत होता. गावातले लोक म्हणायचे, "आमचा जनू." वाळवंटातले लोक म्हणायचे, "तो परदेशी." जनू दोघांनाही हो म्हणायचा.

जनूला एक धाकटी बहीण होती, कुंदा. ती नर्स. ती नवऱ्याबरोबर आणखी वर, एका थंड देशात राहायची. तिला एक मुलगा होता, ओजस. ओजसला डोळे होते, पण ते बरेच दिवस कुणी पाहिले नव्हते. त्यांच्यावर केस होते.

त्याचं कारण असं. मुलाचं जावळ, म्हणजे जन्मापासूनचे केस, काढायचे तर मूल मामाच्या मांडीवर बसायला हवं. आणि काढायचे ते विषम वर्षी. पहिलं वर्ष कुंदाच्या ड्युट्यांमध्ये गेलं. दुसरं चालत नाही. तिसरं आता संपत आलं होतं. चौथंही चालत नाही. म्हणजे आता नाही तर थेट पाचवं. आणि गावाहून आई फोनवर रोज बजावायची, "कुंदे, मामाच्या मांडीशिवाय पोराच्या डोक्याला कात्री लावशील तर बघ!"

इकडे ओजस काचेच्या दारांवर आपटायचा. बागेतल्या बायका त्याला गोड मुलगी म्हणायच्या. एकदा तर तो बाबा समजून कोट टांगायच्या खुंटीशी बराच वेळ गप्पा मारत बसला.

शेवटी कुंदानं जनूला फोन केला. "दादा, तू ये. बाकी काही आणू नकोस. फक्त तुझी मांडी आण."

"मांडी इथेच आहे," जनू म्हणाला.

"तीच घेऊन ये."

आता गंमत बघा. जनूनं ठोकलेले खोके त्या थंड देशात रोज जायचे. जहाजात बसायचे, बंदरात उतरायचे, दुकानात जाऊन उभे राहायचे. कुंदानं एकदा तिथल्या बाजारात दादाच्या हातचा खोका ओळखला होता. तो खिळा नेहमी जरा तिरका मारायचा. खोक्याला कुणी काही विचारलं नव्हतं. जनूला मात्र व्हिसा लागणार होता.

जनूच्या खोलीत दळवीकाका राहायचे. ते ट्रक चालवायचे. परदेशात राहून राहून त्यांचे केस पिकले होते, त्यामुळे त्यांना सगळ्या ऑफिसांची माहिती होती.

"व्हिसा सेंटरला जा," काका म्हणाले. "पाहुण्याचा व्हिसा माग, थोड्या दिवसांचा. विचारतील त्याचं खरंखरं उत्तर दे. लपवाछपवी करू नकोस."

"एवढंच ना?" जनू म्हणाला. "लक्षात राहील."

आणि त्याच्या लक्षात राहिलं.

व्हिसा सेंटरच्या काउंटरवर केरळच्या एक बाई बसल्या होत्या. त्या हिंदीत बोलायच्या, जनूही हिंदीत बोलायचा. दोघांचं हिंदी सारखंच मोडलेलं होतं, त्यामुळे एकमेकांचं सगळं कळायचं.

"कुठले तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"कोंडसावलीचा."

"राहता कुठे?"

"इथे."

"म्हणजे इथले?"

"नाही. इथले लोक नाही म्हणतात."

"जायचंय कुठे?"

"तिकडे. बहिणीकडे."

"बहीण तिकडची?"

"नाही. ती पण कोंडसावलीचीच."

बाईंनी पेन खाली ठेवलं. थोडं पाणी प्यायल्या. पेन उचललं.

"कशासाठी जायचंय?"

"भाच्याचे केस कापायला."

"तुम्ही न्हावी आहात?"

"नाही. सुतार."

"हे बघा, पाहुण्याच्या व्हिसावर तिथे काम करता येत नाही."

"मी नाही कापणार. कापणारा वेगळा. मी नुसता बसणार."

"बसणार?"

"मांडी घालून."

"त्याचे पैसे मिळतात?"

"छे. मामानंच द्यायचे असतात. आणि कपडे."

"म्हणजे तुम्ही विमानानं इतक्या लांब जाणार, बसणार, वर पैसे देणार, आणि परत येणार?"

"हो."

"परत याल कशावरून?"

"येणार म्हणून."

"तोंडी चालत नाही," बाई म्हणाल्या. "इथे तुमचं असं काय आहे, ज्याच्यासाठी तुम्ही परत याल? त्याचा पुरावा आणा."

जनू खोलीवर आला. त्यानं काकांना सगळं सांगितलं. काकांनी कपाळावर हात मारला.

"अरे जन्या, नुसतं बोलून कोण ऐकतं रे तिथे? जे म्हणशील ते त्यांच्यासमोर टेबलावर ठेवायचं. दिसलं पाहिजे त्यांना!"

"एवढंच ना? लक्षात राहील."

जनू विचार करत बसला. इथे आपलं असं काय आहे, ज्याच्यासाठी आपण परत येऊ? खोली मालकाची होती. खाट मालकाची होती. उशीसुद्धा मालकाची होती. मग त्याला आठवलं. हत्यारं आपली आहेत! वडिलांनी दिलेली. त्यांना सोडून आपण कुठे राहणार?

दुसऱ्या खेपेला जनूनं करवत, रंधा, हातोडी आणि चांगली धार लावलेल्या पटाश्या पिशवीत भरल्या. पिशवी व्हिसा सेंटरच्या दारातल्या मशीनमध्ये गेली. पडद्यावर करवतीचे दात दिसले. रखवालदारानं शिट्टी वाजवली. दुसरा रखवालदार आला. तिसरा आला.

"हे काय आहे?" पहिल्यानं ओरडून विचारलं.

"मी परत येणार त्याचा पुरावा," जनू म्हणाला.

"परत येणार? कुणासाठी परत येणार?"

"याच्यासाठी," जनूनं करवत उचलून दाखवली.

तीनही रखवालदार मागे सरकले.

संध्याकाळपर्यंत जनूला बाकावर बसवून ठेवलं. मालकाचा माणूस येऊन ओळख देऊन गेला, तेव्हा सोडलं. रंध्याचं पातं काही परत मिळालं नाही.

काकांनी पुन्हा कपाळावर हात मारला. "अरे जन्या! अशा ठिकाणी असली हत्यारं नेतात? तिथे आत जाताना सगळं बाहेर ठेवायचं. रिकाम्या हातानं जायचं! अगदी रिकाम्या!"

"एवढंच ना? लक्षात राहील."

तिसऱ्या खेपेला जनूनं पिशवी घरी ठेवली. घड्याळ काढून ठेवलं. पट्टा काढला. चपलासुद्धा दारातच ठेवून निघाला. त्या देशात रस्ते असे तापतात की जनू व्हिसा सेंटरपर्यंत नाचत गेला. मशीन एकदाही वाजलं नाही. रखवालदार खूश झाले. त्यातल्या एकानं तर त्याच्या पाठीवर थाप मारली.

"या," काउंटरवरच्या बाई म्हणाल्या. "पासपोर्ट द्या."

"घरी आहे."

"मालकाचं पत्र? त्यांची हरकत नसल्याचं?"

"घरी."

"बहिणीचं निमंत्रण? बँकेचा कागद? विमा?"

"सगळं घरी. एकदम सुरक्षित."

"मग तुम्ही आलात कशाला?"

"रिकाम्या हातानं यायला."

बाईंनी आधी छताकडे पाहिलं, मग जनूच्या पायांकडे पाहिलं. पाय लाल झाले होते. बाईंचा राग थोडा कमी झाला.

"नीट ऐका," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी सगळं मूळ आणायचं. आणि प्रत्येक मुळाबरोबर त्याची एक झेरॉक्स. आम्ही दोन्ही शेजारी ठेवून बघतो, जुळतात का. मूळ तुम्हाला परत देतो. झेरॉक्स इथे ठेवून घेतो. झेरॉक्सशिवाय मूळ आणलंत तर आत घेणार नाही. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं?"

"झेरॉक्सशिवाय मूळ आत घेत नाहीत."

"शाबास," बाई म्हणाल्या. ही त्यांची चूक झाली.

खोलीवर येऊन जनूनं सगळे कागद काढले. पासपोर्टची झेरॉक्स केली. पत्राची केली. निमंत्रणाची, बँकेच्या कागदाची, पगाराच्या कागदाची, विम्याची केली. एका मामाला मांडी घालून बसायला एवढे कागद लागतात. उभं राहायचं असतं तर किती लागले असते, कोण जाणे. शेवटी त्यानं अर्ज वाचून घेतला. अर्जात खाली लिहिलं होतं, अर्जदारानं स्वतः हजर राहावं.

जनू थबकला. सगळ्याची झेरॉक्स झाली, पण अर्जदाराची?

"काका," तो म्हणाला, "उद्या तुम्हाला सुट्टी आहे ना? माझ्याबरोबर याल? आणि माझा हा दुसरा चौकटीचा शर्ट घालाल?"

"शर्ट कशाला?"

"काका, जुळायला पाहिजे."

काकांना वाटलं, पोरगा घाबरलाय, सोबतीला माणूस हवाय. त्यांनी शर्ट घातला. तो त्यांना पोटावर घट्ट झाला. दोघं सारखेच शर्ट घालून व्हिसा सेंटरला गेले.

बाईंनी कागद तपासले. सगळे बरोबर होते. त्यांना इतका आनंद झाला की त्या हसल्या. मग त्यांनी काकांकडे पाहिलं.

"हे कोण?"

"मूळ मी," जनू म्हणाला. "ही झेरॉक्स."

बाईंनी एकदा जनूकडे पाहिलं, एकदा काकांकडे.

"जरा जाड आलीय," जनू म्हणाला. "पण शर्ट जुळतो. मूळ मला परत द्या. झेरॉक्स इथे ठेवून घ्या."

"ए मेल्या!" दळवीकाका ओरडले. "कुणाला ठेवून घ्या? मला संध्याकाळी ट्रक काढायचाय!"

मागच्या रांगेतले लोक हसायला लागले. बाईंनी तोंडावर रुमाल धरला. रुमाल बराच वेळ हलत होता. मग त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "माणसाची झेरॉक्स लागत नाही. माणसाचा फोटो लागतो. तुमचा फोटो कुठाय?"

जनूनं फोटो दिला. गावच्या जत्रेतला होता. त्यात जनू तोंडभरून हसत होता, हातात भजी होती आणि केसांनी कान झाकले होते.

"असा नाही चालत," बाई म्हणाल्या. "हसायचं नाही. समोर बघायचं. दोन्ही कान दिसले पाहिजेत. आणि लक्षात ठेवा, फोटोतला चेहरा आणि खरा चेहरा जुळला पाहिजे. नाही जुळला तर विमानतळावर सोडत नाहीत."

"एवढंच ना? लक्षात राहील."

जनूनं केस कानांमागे सारून नवा फोटो काढला. भरगच्च केस, जाड मिशी, दोन कान, हसू नाही. त्यातला जनू नुकताच तेरावा जेवून आल्यासारखा दिसत होता. बाईंनी तो चिकटवला. मग अर्जातल्या 'जाण्याचा उद्देश' या चौकटीशी त्या अडल्या. चौकट फार लहान होती. त्यात भाचा, मामा, मांडी, विषम वर्ष एवढं बसेना. म्हणून त्यांनी थोडक्यात लिहिलं, 'कुटुंबातील केस कापण्याचा समारंभ'.

"वाचून दाखवते," त्या म्हणाल्या. "आणि ज्यासाठी जाताय ते करूनच परत या. नाहीतर खोटं बोललात असं धरतील. मग पुन्हा कधी व्हिसा मिळायचा नाही."

"करूनच येतो," जनू म्हणाला.

अर्ज गेला. उत्तर यायला वेळ लागणार होता. उत्तर कुणी द्यायचं? जनूला कधीही न भेटलेल्या, कोंडसावली न पाहिलेल्या आणि बहुतेक कुणाच्याही मांडीवर न बसलेल्या साहेबांनी. तोवर दळवीकाका वैतागून एकदा म्हणाले, "त्यापेक्षा तुझ्या खोक्यात बसून जा." जनूनं लगेच स्वतःचं माप घ्यायला सुरुवात केली. काकांनी त्याच्या हातातून टेप हिसकावून घेतली.

आणि जनूनं हसणं बंद केलं. चेहरा जुळायला पाहिजे होता ना. खोके ठोकताना तो समोर बघायचा. जेवताना समोर बघायचा. डाळ समोर असेल तर ठीक, नाहीतर राहिली.

कुंदानं व्हिडिओ कॉल केला, तर पडद्यावर दोन कान आणि मध्ये एक दगड.

"दादा!" कुंदा घाबरली. "व्हिसा नाकारला का रे?"

"नाही."

"आईला काही झालं का?"

"नाही."

"मग असा काय बघतोस?"

"चेहरा जुळवतोय."

"अरे, पोराशी तरी हस जरा! ओजस, हा बघ मामा."

ओजसनं केसांची झापड वर केली, मामाकडे पाहिलं, आणि त्यालाही वाटलं की फोनवर असंच बघायचं असतं. त्यानं दोन्ही हातांनी केस कानांमागे धरले आणि मामासारखंच तोंड केलं. मामा-भाचे खूप वेळ एकमेकांकडे असे बघत बसले. पुढे रोजच असं चालू झालं. कुंदाचा नवरा म्हणायचा, "तुमच्या माहेरी सगळेच असे का?" कुंदा म्हणायची, "नाही हो. बाकीचे बोलतात."

एक दिवस व्हिसा आला. दळवीकाकांनी पेढे वाटले, कारण जनूला पेढे वाटताना हसू आलं असतं.

थंड देशाच्या विमानतळावर खिडकीमागच्या साहेबानं पासपोर्टातल्या व्हिसावरचा फोटो पाहिला, मग जनूकडे पाहिलं. तेच केस, तीच मिशी, तेच कान, तोच दगड. इतका जुळलेला माणूस साहेबानं आजवर पाहिला नव्हता. त्यानं लगेच शिक्का मारला.

जनूला फार बरं वाटलं. बाईंचं बोलणं खरं होतं तर. चेहरा जुळला की सोडतात.

घरी ओजसनं धावत येऊन मामाला मिठी मारली. म्हणजे आधी कपाटाला मारली, मग मामाला. कुंदा रडली आणि हसली. तिनं दादाला चहा दिला, आणि कौतुकानं ओजसचा पासपोर्ट दाखवला. "बघ दादा, नुकताच काढला. केस रबरानं बांधावे लागले फोटोला, तेव्हा कुठे कान दिसले." जनूनं फोटो पाहिला. डोक्यावर केसांचा मोठा झुबका होता, नारळाच्या शेंडीसारखा. जनूनं पासपोर्ट मिटून परत दिला. पण त्याच्या लक्षात राहिलं.

दुसऱ्या दिवशी सगळे न्हाव्याच्या दुकानात गेले. कुंदानं ताट आणलं होतं. ताटात कुंकू, नवं कापड आणि मामानं आणलेले कपडे होते. खुर्चीवर बसून कसं चालेल, म्हणून खाली चादर अंथरली. जनूनं मांडी घातली. ओजस मांडीवर बसला. गावाहून आई फोनच्या पडद्यावर डोळे लावून बसली होती. कुंदानं पदर सारखा केला. न्हाव्यानं मशीन चालू केलं.

"थांबा!" जनू ओरडला.

मशीन थांबलं.

"काय झालं रे दादा?"

"कुंदे, याच्या पासपोर्टात शेंडी आहे."

"मग?"

"मग काय? केस कापले की चेहरा जुळणार नाही. जुळला नाही की विमानतळावर सोडणार नाहीत. मग हा कोंडसावलीला येणार कसा? आईला भेटणार कसा?"

"अरे दादा, लहान मुलांना कोण अडवतंय! नवा फोटो काढू!"

"जुना फोटो मग कुणाचा म्हणायचा?"

"ओजसचाच!"

"आणि नवा?"

"तो पण ओजसचाच!"

"म्हणजे दोन ओजस," जनू म्हणाला. "एक तरी अडकणारच."

कुंदानं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा छताकडे बघत होता. फोनमधून आई ओरडत होती, "काय झालं? कापले का? मला नुसता पंखा दिसतोय!"

"बरं, मग नको कापायला?" कुंदा रडवेली होऊन म्हणाली. "असाच राहू दे पोरगा? झापडीतून बघत?"

"नको कसं? तसंही चालणार नाही," जनू म्हणाला. "अर्जात लिहिलंय, केस कापण्याचा समारंभ. न कापता गेलो तर मी खोटा. मग पुन्हा कधी व्हिसा मिळायचा नाही. पाचव्या वर्षी कोण येणार?"

तो विचारात पडला. कापले तर भाचा अडकतो. न कापले तर मामा खोटा ठरतो. मग एकदम त्याचा चेहरा उजळला. हसला मात्र नाही.

"कुंदे, अर्जात लिहिलंय, कुटुंबातले केस. कुणाचे ते लिहिलेलं नाही. मी पण कुटुंबातलाच की!"

आणि त्यानं न्हाव्यापुढे स्वतःचं डोकं वाकवलं.

न्हाव्याला मराठी येत नव्हतं. त्याला फक्त डोकं कळत होतं. पुढे आलेल्या डोक्यावर त्यानं मशीन फिरवलं. कुंदा "अहो, हे नाही, ते!" म्हणेपर्यंत मधून रस्ता झाला होता. मग बाकीचंही काढावंच लागलं. समारंभ पूर्ण व्हावा म्हणून जनूनं मिशीही देऊन टाकली. ओजस मांडीवर बसून वरून पडणारे केस झेलत होता. त्याला एवढी मजा कधीच आली नव्हती.

आईला पडद्यावर एक चकचकीत गोटा दिसला. "झालं बाई एकदाचं!" ती म्हणाली, आणि तिनं गावातून दोन्ही हातांनी कडाकडा बोटं मोडली. "पण पोराचं डोकं एकदम केवढं मोठं झालंय!"

जायचा दिवस आला. कुंदा विमानतळावर रुसून उभी होती. ओजसच्या झापडीकडे बघत होती आणि नाक पुसत होती. जनू मात्र समाधानानं आत गेला. भाचा वाचला होता आणि अर्ज खरा झाला होता.

खिडकीमागे या वेळी एक पंजाबी साहेब होते. तेही कुठले तरी तिकडचे, पण आता इकडचे. जनू समोर उभा राहिला. कान दिसत होते. हसू नव्हतं. साहेबांनी पासपोर्ट पाहिला. भरगच्च केस, जाड मिशी. साहेबांनी वर पाहिलं. केस नाहीत, मिशी नाही.

"हे तुम्ही नाही," साहेब हिंदीत म्हणाले.

जनूनं वाकून फोटो पाहिला. मग बाजूच्या काचेत स्वतःला पाहिलं.

"खरंच नाही," तो म्हणाला.

"मग हा कोण?"

"जनू."

"आणि तुम्ही?"

"जनूच. पण जुळत नाही."

साहेबांनी बोटांचे ठसे द्यायला लावले. जनूनं बोटं काचेवर टेकवली. मशीननं लाल दिवा लावला. पुन्हा टेकवली, पुन्हा लाल. लाकूड घासून घासून जनूच्या बोटांवरच्या रेषाच गेल्या होत्या. खोके ठोकायला त्या लागत नव्हत्या, म्हणून त्यानं कधी लक्ष दिलं नव्हतं.

तेवढ्यात विमान गेलं.

"उद्या या," साहेब म्हणाले. "आणि तुमची ओळख पटवेल असं कुणीतरी घरचं माणूस बरोबर आणा."

"एवढंच ना?" जनू म्हणाला. "लक्षात राहील."

कुंदानं दार उघडलं. दारात दादा उभा होता. तिनं त्याच्या गोट्याकडे पाहिलं. मग त्याच्या पायांकडे पाहिलं. दादा परत आला, म्हणजे मांडीही परत आली. आणि ओजसच्या तिसऱ्या वाढदिवसाला अजून एक रात्र मध्ये होती, म्हणजे तिसरं वर्ष अजून संपलं नव्हतं.

"दादा, आत ये. खाली बस."

"अगं, विमानतळावर ना..."

"तोंड बंद. मांडी घाल. मी सांगेपर्यंत हलायचं नाही."

जनूनं तोंड बंद केलं. मांडी घातली. हलला नाही. कुंदा नर्स होती. ऑपरेशनच्या आधी पेशंटचे केस काढायची तिला रोजची सवय. तिनं ओजसला मांडीवर ठेवलं, गावाला फोन लावला, नवऱ्याच्या दाढीचं मशीन घेतलं आणि सरळ चालवलं. जनूला पासपोर्टाबद्दल पुष्कळ सांगायचं होतं. पण तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं. त्यानं ठेवलं.

केस नव्या कापडात पडले. कुंदानं गोट्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. ओजसनं मान वर केली. त्याचे डोळे मोठे होते, आजीसारखे. त्यानं आधी दिव्याकडे पाहिलं, मग आईकडे, मग मामाकडे. "मामा," तो म्हणाला, जणू काही पहिल्यांदाच भेटला होता.

आईला पडद्यावर आता दोन गोटे दिसले. "अगोबाई," ती म्हणाली, "हे जुळं कधी झालं?"

कुंदा रडत रडत हसत सुटली, आणि त्या नादात दादाला उठ म्हणायचं विसरली. तो जेवणाची वेळ होईपर्यंत तसाच बसून होता.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर कुंदा गाडी लावायला थांबली. "दादा, ओजसला धर. मी आले. मी साहेबांशी बोलते. तू काही म्हणजे काही बोलू नकोस."

पण खिडकीपुढे कुणी नव्हतं आणि साहेबांनी हाक मारली. "या! ओळख पटवायला आणलं का कुणाला?"

"आणलंय," जनू म्हणाला, आणि त्यानं ओजसला उचलून काउंटरवर उभं केलं.

साहेबांनी जनूकडे पाहिलं. गोटा, दोन कान, समोर नजर, हसू नाही. त्यांनी ओजसकडे पाहिलं. गोटा, दोन कान, समोर नजर, हसू नाही.

"बघा शेजारी ठेवून," जनू म्हणाला. "जुळतं की नाही?"

साहेबांना नाही म्हणता येईना.

"काल झेरॉक्स आणायची राहिली होती, साहेब. माझीच चूक. आता नियमानं करा. मूळ मला परत द्या," जनूनं आपल्या छातीवर हात ठेवला, मग ओजसला अलगद साहेबांच्या बाजूला सरकवलं, "आणि झेरॉक्स इथे ठेवून घ्या."

"दादाऽऽऽ!" मागून कुंदा किंचाळत धावत आली.

साहेब खुर्चीवरून घसरायचे राहिले होते. शेजारच्या रांगेतले लोक पोट धरून हसत होते. मूळ आणि झेरॉक्स मात्र समोर बघत, कान दाखवत उभे होते. दोघांपैकी एकही हसला नाही.